रेशन, रॉकेल आणि पाहुणचार : मुंबई उपनगरांतील स्वयंपाकघराचा इतिहास

विसावे शतक उजाडले तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही साष्टी बेटावरची भातशेतीची, ताडांची आणि मिठागरांची गावे होती. तिथल्या चुलीवर शिजणारे बहुतेक सारे पायी जाण्याच्या अंतरातच पिके किंवा सापडे. खाचरातला तांदूळ, त्याची भाकरी, खाडीतली निवटी आणि कोलंबी, परसातला शेवगा हा रोजचा शिधा. वेसावे, मढ, गोराई इथल्या कोळीवाड्यांत पावसाळ्याच्या तोंडावर बोंबील, सुकट आणि वाकट्या खडखडीत वाळवून आगोटीची बेगमी होई. समुद्र बंद असताना भाकरीबरोबर हेच कालवण. खाडीकाठच्या आगरी कुटुंबांत घरच्या जेवणाचा डौल साधाच, पण लग्नाला किंवा जत्रेला आलेल्या पाहुण्यापुढे तांदळाची भाकरी आणि मटण आलेच पाहिजे, असा दंडक.

याच गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे स्वयंपाकघर वेगळ्या वळणाने घडले. १५३४पासून १७३९पर्यंत साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. धर्मांतरानंतरही या लोकांची बोली मराठीच राहिली, ताटात भात-मासळीही राहिली. भर पडली ती शिरक्याची, डुकराच्या मांसाची आणि ताडीने फुगवलेल्या पिठाची. नाताळातले आणि लग्नातले ‘फुगे’ हे तळलेले गोळे त्याच पिठाचे. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर असे वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, लाकडी उखळात कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. गडद काचेमुळे ऊन लागत नाही, दाबून भरल्याने हवा राहत नाही. वर्षभर मसाल्याचा रंग आणि वास टिकतो. ‘बाटली मसाला’ तो हाच. समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. मसाला मात्र प्रत्येक घराचा आपापला, आणि त्याचे प्रमाण सहसा घराबाहेर न जाणारे.

या गावांच्या जेवणाची वेळ बदलली ती आगगाडीने. १८५३ची बोरीबंदर-ठाणे रेल्वे घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून गेली; १८६७पासून विरारहून मुंबईकडे रोजची गाडी सुरू झाली. तरी वस्ती खऱ्या अर्थाने वाढली ती १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागल्यावर. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा न पुरणारी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे आणि कोकणातून, देशावरून आलेले नोकरदार पार्ले, अंधेरी, गोरेगाव, मुलुंडकडे सरकले. त्यांच्या घरची मुख्य भूक दुपारची होती आणि दुपारी कर्ता माणूस फोर्टातल्या कचेरीत. घरी परतून जेवणे अशक्य, हॉटेलात रोज जेवणे खिशाला न परवडणारे आणि अनेकांच्या सोवळ्याला न चालणारे.

तोड आधीच तयार होती. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास शहरात सुरू केलेली डबे पोहोचवण्याची पद्धत उपनगरांत पसरली, आणि तिने घराची सकाळ बांधून टाकली. नवरा आठच्या गाडीला निघे, डबेवाला नऊ-साडेनऊला दारात येई. म्हणजे पोळी, भाजी, आमटी, भात हा चार कप्प्यांचा स्वयंपाक तोवर उरकलाच पाहिजे. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे निघण्याचे स्टेशन, उतरण्याचे स्टेशन, इमारत आणि मजला सांगत. वाचता न येणारा माणूसही त्यांवरून डबा बिनचूक पोहोचवी. डब्यात पातळ आमटी सांडते म्हणून ती घट्ट करणे, पालेभाजी परतून कोरडी ठेवणे, सुक्या बटाट्याच्या भाजीला वारंवार बोलावणे, या सवयी डब्यासाठी पडल्या आणि मग घरच्या ताटातही कायम झाल्या. उपनगरी मराठी जेवण ‘सुके’ झाले, यात चवीचा भाग कमी आणि झाकणाचा अधिक.

दुसऱ्या महायुद्धात काय शिजवायचे हे सरकारने ठरवायला सुरुवात केली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. माणशी ठरलेले धान्य, ठरलेली साखर, ठरलेले रॉकेल. भात खाणाऱ्या कोकणी घरांच्या पदरात गहू पडू लागला, तेव्हा पोळी रोजची झाली. साखर मोजून मिळत असल्याने गूळ परतला. सणाची जादा साखर कधी मिळणार याची चर्चा आळीभर चाले, आणि लग्नकार्यासाठी साखरेचा परवाना काढणे हे मुलीच्या बापाच्या कामांच्या यादीत आले. रेशनचा तांदूळ निवडायला बसणे हा बायकांचा दुपारचा उद्योग होता. सुपात खडे निघत तसे शेजारपाजारच्या बातम्याही निघत. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अनेक घरांत सोमवारी रात्री चूल पेटली नाही. १९७२च्या दुष्काळानंतर रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापता थापता मोडे आणि गिळता गिळवत नसे. त्या पिढीतल्या कुणापुढेही मिलोचे नाव काढून पाहावे.

टंचाईने उपनगरांतल्या बायका रस्त्यावरही आल्या. गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी पाण्याच्या प्रश्नावर आधीच नाव कमावले होते. त्यांनी आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकर यांनी इतर पक्षांच्या महिलांना बरोबर घेऊन १९७२ साली महागाईविरोधी संयुक्त आघाडी उभी केली. तेल, साखर, रॉकेल यांच्या भावांविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांत हातात लाटणी असत आणि थाळ्या वाजत. ते ‘लाटणे मोर्चे’ म्हणून ओळखले गेले. किराण्याच्या हिशेबाला राजकारणात बसवणारी ही चळवळ उपनगरांच्या इतिहासातली ठळक घटना आहे. पाककृतींच्या पुस्तकांत तिचा उल्लेख नसतो, हे त्या पुस्तकांचे उणे.

इंधनाची गोष्ट धान्याच्या गोष्टीहून लांब चालली. गावठाणात लाकूडफाट्याची चूल, चाळीत आणि ब्लॉकमध्ये कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह. पितळी प्रायमस पेटवणे हे कौशल्याचे काम होते. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचे, बर्नर तापला की पंप मारायचा, भुर्रकन निळी ज्योत आली की दाब बेताचा ठेवायचा; मध्येच छिद्र तुंबले तर बारीक पिन घालून ते मोकळे करायचे. आवाज इतका की स्टोव्ह चालू असताना स्वयंपाकघरात बोलणे ओरडूनच होई. त्याचे भडके उडून झालेले अपघातही अनेक. वातीचा स्टोव्ह शांत होता, पण भांडी काळी करी. पन्नासच्या दशकाच्या मध्याला बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला; ‘बर्शेन’ हे त्याचे नाव पुढे सगळ्याच कंपन्यांच्या गॅसला चिकटले. पण तो मिळायला नंबर लावावा लागे आणि नंबर लागायला वर्षे जात. गॅस असलेल्या घरातही सिलिंडर संपण्याच्या धास्तीने स्टोव्ह माळ्यावर टाकला जात नसे. पाहुणे जेवायला बोलावताना ‘गॅस कधी लावलाय’ हा विचार गृहिणीच्या मनात असेच. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या वाहिन्या पुढच्या काळात उपनगरांतल्या इमारतींपर्यंत पोहोचल्या, तेव्हा कुठे हा धसका गेला.

दुधाबाबत उपनगरे सुदैवी ठरली. शहरातले गोठे बाहेर काढण्यासाठी गोरेगावच्या डोंगराळ भागात १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली. तिच्यामागे दारा खुरोडी यांचे डोके होते. १९५१ साली जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दुधाच्या भुकटीत म्हशीचे दूध मिसळून खुरोडींनी ‘टोन्ड’ दूध तयार केले आणि ते स्वस्तात विकले. पहाटे केंद्रापुढे कार्ड आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन रांग लागे. या दुधावर साय कमी धरे, म्हणून लोणी-तूप घरी कढवणाऱ्यांनी तबेल्यातल्या भय्याचे दूध सोडले नाही. चहाला आरे आणि सायीला भय्या, अशी वाटणी पुष्कळ घरांत चाले.

मुंबई महापालिकेची हद्द १९५०मध्ये आणि पुन्हा १९५७मध्ये वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उठल्या आणि त्यांच्या नकाशात स्वयंपाकघर वेगळे झाले. चुलीपुढे बसून करायचा स्वयंपाक कडाप्पाच्या ओट्यावर उभ्याने होऊ लागला. पाटा-वरवंट्याला, विळीला बसायला जागा उरली नाही. विळी कशीबशी टिकली, पाटा गॅलरीत गेला. १९५९ साली हॉकिन्सची सुरुवात मुंबईतच झाली. तीन डब्यांत भात, वरण आणि बटाटे एकावर एक ठेवून शिट्ट्या मोजायच्या: सकाळच्या लोकलशी जमवून घेणारे भांडे दुसरे नव्हते. विक्रोळीच्या गोदरेजचा फ्रिज १९५८चा, सुमीतचा मिक्सर १९६३चा. नारळाचे वाटण मिक्सरमधून काढण्याची सोय झाल्यावर मासळीच्या कालवणाला लागणारा अर्धा तास वाचला. जुन्या जाणत्यांनी ‘पाट्याची चव नाही’ असे म्हणत का होईना, ते वाटण पोटात घातले.

आई-सासूपासून दूर ब्लॉकमध्ये संसार मांडलेल्या सुनेला विचारायला कुणी नव्हते. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१०च्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथासमोर मोठे, नोकरचाकर असलेले पाठारे प्रभू घर होते. कमलाबाई ओगले यांच्या १९७०च्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमच्याचे माप दिले. चार माणसांच्या घरासाठी ते नेमके होते, आणि उपनगरांत ते पुस्तक लग्नातल्या आहेराचे झाले.

शेजाराने चव रुंदावली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत गुजराती आणि कच्छी कुटुंबे मोठ्या संख्येने राहिली; फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत आणि चेंबूरला सिंधी-पंजाबी निर्वासित आले. एकाच जिन्यावर वाटीची देवाणघेवाण होऊन ढोकळा, ठेपला, उंधियू मराठी घरांत आणि साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ गुजराती घरांत गेले. मात्र मांसमच्छी हा विषय नाजूक राहिला. काही इमारतींत त्यावरून घर मिळणे-न मिळणेही ठरत आले आहे.

पाहुणचाराचे रूप या सगळ्याच्या दाबाने पालटले. पूर्वी पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणत. पाट, रांगोळी, उजव्या-डाव्या बाजूंची वाढप आणि आग्रह यांना वेळ, जागा आणि धान्य लागे. तीनही गोष्टी उपनगरात तुटपुंज्या झाल्या. त्यामुळे ताट मागे पडून बशी पुढे आली. पोहे, उपमा, शिरा, चिवडा आणि चहा: पंधरा मिनिटांत, एका शेगडीवर, दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसून खाता येईल असे. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला कांदेपोह्यांचे नाव पडले ते याच काळाच्या रीतीतून. अगदीच अचानक आलेल्या पाहुण्यापुढे बिस्किटे; ती बनवणारा पार्ल्याचा कारखाना १९२९मध्ये सुरू झाला आणि २०१६मध्ये बंद होईपर्यंत स्टेशनवरच्या प्रवाशांना भट्टीचा वास येत राहिला.

मोठ्या खाण्याचे प्रसंग घरातून सामायिक जागेत गेले. कोजागरीचे आटीव दूध सोसायटीच्या गच्चीवर, भोंडल्याची खिरापत जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, सत्यनारायणाचा प्रसाद सगळ्या मजल्यांना. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे करणाऱ्या घरी संध्याकाळी शेजारणींची रीघ लागे. यजमानीण एकटी असली तरी वाटीत घालून देण्याजोगे पदार्थ असल्याने तिला ते झेपे. गौरी-गणपतीत मात्र जुनी रीत टिकली. उकडीचे मोदक वळायला जावा-नणंदा विरार-डोंबिवलीहून येत आणि त्या दिवशी केळीच्या पानावर पंगत बसे.

बायकाही कचेरीत जाऊ लागल्यावर घड्याळ आणखी आवळले. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिलांसाठी स्वतंत्र लोकल सुरू झाली. परतीच्या गाडीत मटार सोलणे, मेथी निवडणे, लसूण साफ करणे चाले आणि घरी पोहोचताच भाजी कढईत पडे. त्याच सुमारास नाक्यानाक्यावर पोळीभाजी केंद्रे उघडली. बरीचशी त्याच इमारतींतल्या गृहिणींनी चालवलेली. दिवाळीत त्यांच्याकडे चकली, अनारसे, करंजीची आगाऊ नोंदणी होई. रोजची पोळी विकत आणणे लाजिरवाणे वाटण्याचे दिवस एका पिढीत संपले. मार्च २०२०मध्ये लोकल थांबल्या तेव्हा डबेवाल्यांचे कामही थांबले. गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या, पण कचेऱ्यांचे घरून काम काही अंशी कायम राहिले आणि उपनगरांतून निघणाऱ्या डब्यांची संख्या पूर्वीच्या पातळीला परत गेली नाही.