धाव, रबर आणि थंडी

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, हे उदाहरण उष्णतेने होणारे प्रसरण शिकवताना आपण सर्वांनीच कधी ना कधी दिले आहे. लोहार धाव तापवतो, ती फुगते, लाकडी चाकावर बसवली जाते आणि पाणी ओतताच आकसून घट्ट आवळते. एकदा बसलेली धाव उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तीच राहते. ऋतू बदलला म्हणून गाडीवानाने धाव बदलल्याचे कोणी ऐकलेले नाही.

मग कॅनडा, जर्मनी किंवा नॉर्वेत राहणारे आपले नातलग वर्षातून दोनदा मोटारीचे टायर का बदलतात? काही जण तर टायरच नव्हे, चाकेही बदलतात. हिवाळ्यात लहान व्यासाची चाके बसवतात आणि उन्हाळ्यात मोठ्या व्यासाची. विजेवर चालणाऱ्या अतिवेगवान मोटारींच्या बाबतीत तर या निवडीचा विशेष काथ्याकूट चालतो. हा निव्वळ हौसेचा प्रकार आहे, असे प्रथम वाटते. पण त्यामागे रबर या पदार्थाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवातच ऋतूंच्या भांडणातून झाली. इ. स. १८३० च्या सुमारास अमेरिकेत रबरी वस्तूंचे मोठे वेड आले होते. पाणी आत येऊ न देणारे बूट, कोट, पिशव्या यांचे कारखाने निघाले. पण उन्हाळा आला की या वस्तू पाघळून चिकट व दुर्गंधीयुक्त होत आणि हिवाळ्यात दगडासारख्या कडक होऊन तडकत. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर या माणसाने मात्र रबराचा नाद सोडला नाही. कर्जापायी त्याला तुरुंगवासही घडला. १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापवले असता ते पाघळण्याऐवजी चिवट आणि लवचिक होते, असे त्याला आढळले. हेच व्हल्कनीकरण. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यानेही त्याच सुमारास ही प्रक्रिया साधली. गुडइयर १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच वारला. त्याचे नाव धारण करणारी टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली आणि तिचा त्याच्या कुटुंबाशी काही संबंध नव्हता.

व्हल्कनीकरणात नेमके काय घडते? रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. ताटातल्या शेवयांप्रमाणे त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. म्हणून उष्णता मिळाली की एकमेकींवरून घसरतात. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये अधूनमधून गाठी मारतात. आता ताणले तर साखळ्या सरळ होतात आणि सोडले की पूर्ववत गुंडाळतात, पण निसटून जात नाहीत. उन्हाळ्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला.

हिवाळ्याचा प्रश्न मात्र फक्त पुढे ढकलला गेला. रबराची लवचिकता साखळ्यांच्या सततच्या वळवळीवर अवलंबून असते आणि ही वळवळ तापमानावर. तापमान उतरत गेले की ती मंदावते. एका ठरावीक तापमानाच्या खाली ती जवळपास थांबते आणि रबर काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ही वेळ उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. कृत्रिम रबरांच्या बाबतीत ती घटकांच्या प्रमाणानुसार पुष्कळच आधी येऊ शकते. शिवाय काचरूप होण्याच्या कितीतरी आधीपासूनच रबर ताठर होऊ लागते.

याचा एक साधा प्रयोग वर्गात करता येतो. दोन सारखे रबरी चेंडू घ्या. एक खोलीच्या तापमानाला ठेवा आणि दुसरा रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. दोन्ही एकाच उंचीवरून सोडा आणि मीटरपट्टीने उसळी मोजा. आम्ही हा प्रयोग विद्यार्थ्यांबरोबर केला, तेव्हा गार चेंडूची मरगळलेली उसळी पाहून मुले हसली. पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्यू पावले. त्या सकाळी तळावरचे तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे थंडीमुळे वेळेवर फुगून फट बुजवू शकले नाही. चौकशी समितीसमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो चटकन पूर्ववत होत नाही, हे सर्वांना दाखवले. टायरच्या बाबतीत प्रश्न हाच आहे: थंडीत रबर रस्त्याचा आकार घेऊ शकते की नाही?

आता टायरकडे वळू. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतले. पण तेव्हा ना सायकली होत्या, ना मोटारी. कल्पना विस्मरणात गेली. १८८७ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती नव्याने शोधली. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी सहज काढता-घालता येणारा टायर बनवला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर मोटारीला लावून दाखवले.

विजेची मोटार ही अलीकडची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. पण ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारे रस्त्यावरील पहिले वाहन विजेचेच होते. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. गाडीचा आकार टॉर्पेडोसारखा होता, तिला विजेच्या दोन मोटरी होत्या आणि तिच्या चाकांवर मिशलँचे टायर होते. गाडीचे नाव होते ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधानी नसलेली’. वेगवान विद्युत मोटार आणि हवेचा टायर यांची सोबत अशी सव्वाशे वर्षांची आहे.

हिवाळ्यासाठी वेगळा टायर मात्र पुढे ३५ वर्षांनी आला, आणि तो जिथे यायला हवा तिथेच आला. १९३४ मध्ये फिनलंडमधील रबर कारखान्याने मालमोटारींसाठी खोल, आडव्या खाचांचा टायर काढला आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ हा टायर आणला. खाचांत हिम दाबून बसते आणि हिमावर हिम चांगले धरते, हे त्यामागचे तत्त्व. १९६० च्या दशकात टायरमध्ये धातूचे खिळे बसवण्याची पद्धत उत्तर युरोपात रुळली. खिळे घट्ट बर्फात रुततात हे खरे, पण बर्फ नसेल तेव्हा ते रस्ताच किसतात. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत या भुकटीने हवा इतकी बिघडली की १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरांना आवर घालणारा कायदा करावा लागला. त्याच सुमारास तेथे सच्छिद्र, मऊ रबराचे बिनखिळ्यांचे टायर पुढे आले.

म्हणजे नक्षीपासून सुरू झालेला शोध शेवटी पुन्हा रबराच्या घडणीपाशी आला. १९९२ मध्ये मिशलँने काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग फेऱ्यागणिक एकदा चेपतो, म्हणजे सेकंदाला साधारण दहा-पंधरा वेळा. त्यात जी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तिच्यामुळे गाडीला विरोध होतो. पण ब्रेक दाबल्यावर रबर खडीच्या बारीक उंचवट्यांवरून घासते, तेव्हा ते सेकंदाला हजारो वेळा चेपते. तिथे ऊर्जा वाया जाणे म्हणजेच पकड. पहिला व्यय कमी हवा आणि दुसरा जास्त, ही परस्परविरोधी अपेक्षा सिलिकाने बरीचशी पुरी केली. रबर थंडीत मऊ ठेवणेही त्यामुळे सोपे झाले.

आता आजची वेगवान विद्युत मोटार घेऊ. २०२१ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल एस प्लेड या गाडीचे वजन सुमारे २,१६० किलोग्रॅम आणि शक्ती १,०२० अश्वशक्ती. सुरुवातीची फूटभर सरक वगळता ती २ सेकंदांत ताशी ९६ किलोमीटर वेग गाठते, असा कंपनीचा दावा आहे. ताशी ९६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २६.७ मीटर. सरासरी त्वरण आले १३ मीटर प्रति सेकंद वर्गाहून अधिक, म्हणजे गुरुत्वत्वरणापेक्षाही जास्त! सपाट रस्त्यावर गाडीला पुढे ढकलणारे बल घर्षणाचेच असते. तेव्हा घर्षणांक १ पेक्षा मोठा हवा. घर्षणांक नेहमी १ पेक्षा लहान असतो, असा जो समज मुलांत रूढ असतो, तो दूर करायला हे उदाहरण उपयोगी पडेल. उबदार रस्ता आणि चिकट, मऊ रबर असेल तरच हे साधते.

हीच गाडी हिमावर उभी करा आणि घर्षणांक ०.२ धरा. आता जास्तीत जास्त त्वरण सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग. तोच वेग गाठायला १३-१४ सेकंद लागतील, मोटर कितीही बलवान असो. थांबण्याचा हिशेब अधिक गंभीर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घर्षणांक ०.८ असताना सुमारे १२ मीटरांत थांबते, तर ०.२ असताना तिला सुमारे ४९ मीटर लागतात. तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवर सगळा भरवसा. चारही चाकांना मोटरचे बळ मिळणारी गाडी सुटते झोकात, म्हणून चालकाला खोटा धीर येतो. थांबताना तो धीर कामाला येत नाही.

म्हणून निवडीचा पहिला नियम तापमानाचा. पारा साधारण ७ अंशांच्या खाली राहू लागला की उन्हाळी टायर उतरवावेत, असा संकेत आहे. शर्यतीच्या जातीचे काही उन्हाळी टायर तर उणे ७ अंशांच्या खाली तडकू शकतात, म्हणून तशा थंडीत गाडी जागची हलवूही नये, असे उत्पादक बजावतात. उलट हिवाळी टायर उन्हाळ्यात ठेवले तर मऊ रबर भराभर झिजते आणि ब्रेक लागायला अंतर अधिक लागते. हिवाळी टायर ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या बाजूवरचे तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण यांचे चित्र. ही खूण १९९९ पासून वापरात आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ मध्ये आणि जर्मनीने २०१० मध्ये हिवाळी परिस्थितीत योग्य टायर कायद्याने सक्तीचे केले.

दुसरा नियम चाकाच्या मापाचा. टायरवर ‘२५५/४५ आर १९’ असे लिहिलेले असते. २५५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि १९ हा धातूच्या चाकाचा इंचांतील व्यास. बाजूची उंची आली सुमारे ११५ मिलिमीटर आणि एकूण व्यास ७१२. त्याच गाडीचे पुढचे मोठे चाक ‘२६५/३५ आर २१’ मापाचे असते. त्याची बाजू ९३ मिलिमीटर आणि एकूण व्यास ७१९. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच, पण पहिल्यात रबर आणि हवा जास्त. हिमाखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आपटले तर ही उशी चाक वाचवते. अरुंद टायर हिम कापत खाली जातो, हा आणखी एक लाभ. शिवाय अमेरिकेतील अधिकृत चाचणी पद्धतीनुसार १९ इंची चाकांवर ही गाडी एका भारणात सुमारे ६३७ किलोमीटर जाते आणि २१ इंचींवर सुमारे ५६०. हा १२ टक्क्यांचा फरक केवळ चाके आणि टायर यांच्या निवडीतून येतो. थंडीत बॅटरीची क्षमता आधीच घटलेली असते, तेव्हा तो अधिकच जाणवतो.

तिसरा नियम हवेचा आणि वजनाचा. २५ अंशांना ४२ पौंड दाबाने भरलेल्या टायरमधील हवेचा निरपेक्ष दाब ५६.७ पौंड. तापमान उणे ५ झाले तर तो २६८/२९८ या प्रमाणात उतरून ५१ होतो, म्हणजे मापकावर सुमारे ३६. टायर पंक्चर नसतानाही ६ पौंड हवा ‘गेली’! वायूंचे नियम शिकवायला याहून चांगले गणित सापडणार नाही. बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून टायरवरील भारांकही पाहावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रात हिवाळी टायरची गरज नाही. आपला कसोटीचा ऋतू पावसाळा. खाचा झिजल्या की पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चाक पाण्यावर तरंगते. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर टाकून द्यायचा असतो. खाचांच्या तळाशी ही पातळी दाखवणारे लहान उंचवटे असतात. ते कसे पाहायचे, हे मुलांना शाळेच्या आवारातील एखाद्या गाडीवर दाखवता येईल.

शेवटी एक गोष्ट विसरता येणार नाही. विजेच्या मोटारीला धुराडे नाही, पण झिजलेले रबर कुठेतरी जातेच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सॅमन मासे मरत. टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून तयार होणारा एक पदार्थ त्याला कारणीभूत असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले. २०२४ मध्ये युरोपीय संघाने संमत केलेल्या वाहन-प्रदूषण नियमांत म्हणूनच टायरच्या झिजेवरही मर्यादा घालण्याची तरतूद झाली. जड गाडी, जबर त्वरण आणि मऊ रबर यांचा एकत्रित परिणाम म्हणजे अधिक झीज. बैलगाडीच्या धावेने लोखंडाचा कीस रस्त्यावर सोडला असेल, पण त्याने मासे मेले नाहीत. गुडइयरने ज्या दोन ऋतूंशी झुंज दिली, त्या दोघांनाही पुरून उरेल आणि झिजला तरी ओढ्याला विष देणार नाही, असा टायर अजून बनायचा आहे. आज आपल्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पुढे हे काम करावेसे वाटले, तर त्याची सुरुवात दोन चेंडूंच्या त्या उसळीपासून होऊ शकेल.