गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास, मुंबई

गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास हा परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये सुरू केलेला दीर्घकालीन वैद्यकीय अभ्यास होय. डॉ. सुरेंद्र शास्त्री हे त्याचे प्रमुख संशोधक होते. साध्या व स्वस्त तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात, हे त्यातून दिसून आले.

पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. पेशींतील प्रारंभिक बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास अनेक वर्षे लागतात. या अवधीत बदल आढळल्यास रोग टाळता येतो. पॅप चाचणीसाठी मात्र प्रयोगशाळा व प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात.

पद्धती

३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया अभ्यासात सहभागी होत्या. वीस वस्तीसमूहांपैकी दहांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी झाली. उरलेल्या दहांत एकदा आरोग्यशिक्षण देण्यात आले. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तपासणीचे काम सोपविण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावल्यावर सुमारे एका मिनिटात विकृत पेशींचा भाग पांढरा दिसतो. अशा स्त्रियांना पुढील निदानासाठी रुग्णालयात पाठविले जाई.

निष्कर्ष

बारा वर्षांच्या पाहणीत तपासणी गटातील या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०१३ साली शिकागो येथे मांडण्यात आले. अशी तपासणी देशभर झाल्यास दरवर्षी सुमारे २२,००० मृत्यू टळू शकतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

नैतिक वाद

दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीपासून वंचित ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. भारतात त्या काळी अशी तपासणी नियमित आरोग्यसेवेचा भाग नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते.

पुढील वाटचाल

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सुचविलेली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या प्रतिबंधक लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. लस घेतली तरी तपासणीची आवश्यकता राहते. शरीरसंबंधानंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तपासणीच्या फेरीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.