नदीपलीकडचा महापौर

शाळेच्या स्मरणिकेत महापौर निवडणुकीवर लेख कशाला, असे काही जण म्हणतील. पण आठवा, आपल्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचे शेपूट होते. सर सनावळ्या घोटून घ्यायचे आणि शेवटची प्रकरणे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावत उरकायचे. ‘महापौराची निवड कोण करतो?’ हा एका गुणाचा प्रश्न. उत्तर होते, ‘नगरसेवक’. आपण ते पाठ केले, लिहिले, गुण घेतला. त्या एका शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत, ते कळायला मला वीस वर्षे लागली.

आपण शाळेत होतो तेव्हा भिवंडीला महापौर नव्हताच. तेव्हा नगरपरिषद होती. भिवंडी-निजामपूर महानगरपालिका झाली ती डिसेंबर २००१ मध्ये. तोवर आपल्यातले बरेच जण कॉलेजात किंवा घरच्या लूमच्या कारखान्यात जाऊन बसले होते. आणि आपण शेलारकर तर नदीच्या अलीकडचे. आपल्याकडे ग्रामपंचायत, सरपंच. कामवारीवरचा पूल ओलांडला की महानगरपालिकेची हद्द. बाजार तिकडे, दवाखाने तिकडे, धागा आणि कापडाचे व्यापारी तिकडे. मत मात्र इकडे. त्यामुळे भिवंडीचे राजकारण आपण कायम शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणासारखे पाहिले, कान देऊन पण दार न वाजवता.

त्या भांडणातला एक दिवस इतिहासात नोंदवावा असा आहे : ५ डिसेंबर २०१९.

आधी थोडी आकडेमोड. मे २०१७ मध्ये महानगरपालिकेच्या ९० जागांसाठी मतदान झाले. काँग्रेसला ४७ जागा मिळाल्या, म्हणजे एकटीच्या बळावर बहुमत. भाजपला १९, शिवसेनेला १२, कोणार्क विकास आघाडीला ४ आणि बाकीच्या इतरांना. काँग्रेसचे जावेद दळवी महापौर झाले. महापौराची मुदत अडीच वर्षांची; पुढच्या अडीच वर्षांसाठी पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते मुंबईत सोडतीने ठरते. नोव्हेंबर २०१९ च्या सोडतीत भिवंडीचे महापौरपद खुल्या प्रवर्गातील महिलेसाठी निघाले. म्हणजे विद्यमान महापौर शर्यतीतून आपोआप बाहेर. तरी काँग्रेसला चिंता करण्याचे कारण दिसत नव्हते. ९० पैकी ४७ हातात, त्यात आठवड्याभरापूर्वीच, २८ नोव्हेंबरला, राज्यात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे सरकार आलेले.

महापौराची निवडणूक गुप्त मतदानाने होत नाही. नगरसेवक सभागृहात सर्वांसमक्ष हात वर करतात आणि हात मोजले जातात. त्या दिवशी काँग्रेसच्या रिषिका राका यांना ४१ मते पडली आणि कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील यांना ४९. ज्या आघाडीचे सभागृहात चारच सदस्य होते, तिचा महापौर झाला. काँग्रेसच्या १८ नगरसेवकांनी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध हात वर केले होते. ४७ मधून १८ वजा केले की २९ उरतात. त्यात शिवसेनेचे १२ मिळवले की बरोबर ४१. संगणकाच्या धंद्यात वीस वर्षे घालवलेल्या बाईला इतका स्वच्छ ताळेबंद क्वचितच पाहायला मिळतो.

त्या अठरा जणांनी तसे का केले, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पक्षादेश मोडणाऱ्या सदस्यांसाठी राज्यात १९८६ चा अनर्हता कायदा आहे. पण तक्रार, सुनावणी, अपील या वाटेने प्रकरण जाते तेव्हा अडीच वर्षे पुरत नाहीत, आणि खुर्चीवर बसलेला माणूस मुदत पूर्ण करून उठतो.

भिवंडी एकटी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगलीत भाजपचे बहुमत असताना राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले. पुढच्याच महिन्यात जळगावात ७५ पैकी ५७ जागा जिंकलेल्या भाजपला ३० मते मिळाली आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ मतांनी निवडून आल्या. पक्ष बदलतात, गणित तेच राहते.

कामानिमित्त मी काही काळ शिकागोत होते. तिथल्या जुन्या लोकांना १९७९ चा हिवाळा अजून आठवतो. जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, रस्ते अडले, गाड्या खोळंबल्या. मायकेल बिलांडिक हे तेव्हाचे महापौर. शहरावर त्यांच्या पक्षाची पकड इतकी घट्ट, की त्यांना कोणी हरवेल असे वाटत नव्हते. फेब्रुवारीअखेर पक्षांतर्गत उमेदवारीसाठी मतदान झाले आणि लोकांनी त्यांना घरी पाठवले. जेन बर्न तिथल्या पहिल्या महिला महापौर झाल्या. रस्त्यावरचे बर्फ आणि मतपेटी यांत सहा आठवड्यांचे अंतर होते.

आपल्याकडे खड्डा आणि महापौर यांत अंतर किती? मोजताच येत नाही. एक तर लोक महापौर निवडत नाहीत. दुसरे, कारभाराचे खरे अधिकार आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि ३८ माणसे गेली. माग चालवणाऱ्यांची, रोजंदारीवरची कुटुंबे. तेव्हा नदीच्या दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारला जात होता : जाब कोणाला विचारायचा? महापौर म्हणजे सभेचे अध्यक्षपद, आयुक्त म्हणजे बदलीची नोकरी, नगरसेवक म्हणजे चौघांच्या प्रभागातला एक. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली, की कोणाच्याच हातात राहिली नाही.

मग थेट निवडणूक हा उपाय आहे का? त्याचेही प्रयोग आपल्या राज्यात झाले. २००१ आणि २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडायचे ठरले, मधे ते बंद झाले. सरपंचाचेही तसेच : २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या अंबरनाथ आणि बदलापूरच्या लोकांनी नगराध्यक्ष आपल्या मताने निवडले. म्हणजे शेलारचा मतदार सरपंच थेट निवडू शकतो, बदलापूरचा नगराध्यक्ष. लाखोंच्या भिवंडीला मात्र महापौर निवडता येत नाही. अर्थात थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे, असे झाले की ठराव अडतात, हेही खरे. जादूची कांडी कुठेच नाही.

माझे मत विचाराल तर खुर्ची डळमळीत असणे वाईट नाही. पडण्याची भीती असलेला महापौर नाले वेळेवर साफ करून घेतो. प्रश्न एवढाच, की खुर्ची कोण हलवतो. शिकागोत ती मतदारांनी हलवली, भिवंडीत अठरा हातांनी. आणि जून २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून पुढची साडेतीन वर्षे तर हलवायला खुर्चीच नव्हती. प्रशासक कारभार पाहत होते. आपल्या वर्गातल्या ज्या मुलांची मुले त्या काळात अठरा वर्षांची झाली, त्यांनी महानगरपालिकेचे मत म्हणजे काय ते तोवर पाहिलेलेच नव्हते.

१५ जानेवारी २०२६ ला भिवंडीत मतदान झाले. जागा पुन्हा ९०.  आपल्या बॅचमधले निम्मे तरी पुलाच्या त्या बाजूला राहतात. त्यांच्या दारात उमेदवार येतात, हात जोडतात. गटार, पाणी, रस्ता हे प्रश्न विचाराच. पण त्यासोबत आणखी एक विचारा : ‘महापौर निवडीच्या दिवशी तुमचा हात कोणासाठी वर जाणार?’ उत्तर चारचौघांत घ्या, लक्षात ठेवा. तो हात सर्वांसमक्ष वर होतो. पडताळून पाहता येतो.

आम्हा शेलारकरांना तो प्रश्न विचारण्याचा हक्क नाही. पण पुलावरून रोज जाणारे आम्हीही आहोत, आणि कामवारीचे पाणी हद्द विचारून वाहत नाही. म्हणून वर्गमित्रांनो, आमच्या वतीनेही विचारा. आणि सर, त्या एका गुणाच्या उत्तरात आता थोडी भर घालायला हरकत नाही : महापौराची निवड नगरसेवक करतात, नगरसेवकांवर लक्ष नागरिकांनी ठेवायचे असते.