रयतेचे सरकार, रयतेचे महाविद्यालय

१९१९ साली आजच्या सातारा-सांगली पट्ट्यात दोन शिक्षणसंस्थांचा जन्म झाला. सांगलीत पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. त्याला नाव दिले विलिंग्डन, म्हणजे मुंबई इलाख्याच्या माजी गव्हर्नरांचे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

डेक्कन सोसायटीही एतद्देशीयांचीच. टिळक-आगरकरांच्या पिढीने उभारलेली. म्हणून 'देशी की विदेशी' एवढ्यावर हा इतिहास संपत नाही. देशी नेतृत्वाच्या पंगतीत कुणब्याच्या, महारा-मांगाच्या पोराचे पान कधी मांडले जाणार, हा या भागातला खरा प्रश्न होता.

किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या भाऊरावांना हे खेड्यातले वास्तव ठाऊक होते. १९२४मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

इकडे शिक्षणाची ही मशागत चालू असताना राज्यकारभाराचा धडा मात्र वेगळ्याच शाळेत गिरवला गेला. १९४३ ते १९४६ या काळात वाळवा, तासगाव, खानापूर, कऱ्हाड या तालुक्यांत प्रतिसरकार चालले. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, हा सारा मुलूख साताऱ्यातच मोडे.) त्याचे अग्रणी नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे, पूर्वाश्रमीचे तलाठी. ज्या माणसाने इंग्रजांचे दप्तर सांभाळले, त्यानेच ते दप्तर निरर्थक ठरवले! कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशी तरुण फळी त्यांच्यासोबत होती. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी जमिनीचे, कर्जाचे तंटे मिटवले. कमी खर्चात लग्ने लावली. दरोडेखोरांना जरब बसवली. ही जरब सौम्य नव्हती. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेवरूनच 'पत्रीसरकार' हे नाव रूढ झाले. गौरवग्रंथ हा भाग भराभर उलटतात. मला ते अप्रामाणिक वाटते. कोर्टकचेरीत पिढ्यान्‌पिढ्या नाडलेल्या माणसांनी स्वतः न्याय करायला घेतला, त्यात धाक होता आणि विश्वासही होता.

१९४७मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात महाविद्यालय काढले. यावेळी नाव गव्हर्नरांचे नव्हते, छत्रपती शिवाजींचे होते. 'कमवा आणि शिका' हे तिथले सूत्र. मुलांनी शेतात राबावे, त्या श्रमातून शिक्षणाचा भार उचलावा आणि पदवी घ्यावी.

आणि मग कसोटीचा क्षण आला तो परक्यांच्या नव्हे, आपल्याच राज्यात. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला होता. पण जाहीर सभांतून सरकारवर कठोर टीकाही केली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने रयतेचे अनुदान थांबवले. ज्या संस्थेने इंग्रजी अमलात तग धरला, तिची कोंडी स्वराज्याने करावी, हा विरोधाभास आजही बोचतो. संस्था तगली ती लोकांच्या मदतीवर. गाडगेबाबांनीही खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकार आपले झाले म्हणजे संस्था सरकारची होत नाही, हे भाऊरावांनी फार लवकर ओळखले होते.

पुढच्या दशकांत या दोन्ही वाटांवरची माणसे सत्तेच्या आणि विद्येच्या आसनांवर दिसू लागतात. १९५७मध्ये नाना पाटील उत्तर साताऱ्यातून लोकसभेत गेले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९६०मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९६२मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सातारा-सांगलीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली, विलिंग्डनसुद्धा. पुढे सत्तरच्या दशकात त्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसले बॅरिस्टर पी. जी. पाटील. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेला हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला होता, आणि वकिलीच्या पैशाकडे पाठ फिरवून रयतेतच प्राचार्य म्हणून रुजू झाला होता.