दात्याची चोपडी

पूर्वीं पुण्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवीत असे. दात्यानें दान करावें व त्या चोपडींत डोकावूं नये, असा संकेत होता. अलीकडील यंत्रयुगांतील धनिकांनीं ती लेखणी स्वतःच्याच हातीं घेतली आहे. ह्या पालटाचा एक लहानसा इतिहास आपल्याच देशांत घडला. तो विसरण्याजोगा नाहीं.

अमेरिकेंतील फेसबुक कंपनीनें २०१३ सालीं ‘इंटरनेट.ऑर्ग’ नांवाचा उपक्रम आरंभिला. २०१५ च्या फेब्रुवारींत रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें तो हिंदुस्थानांत आला, व त्याच वर्षीं त्याचें ‘फ्री बेसिक्स’ असें बारसें झालें. गरिबास ठराविक संकेतस्थळें फुकट मिळावयाचीं. फेसबुक त्यांत अर्थातच होतें. बाकीच्या इंटरनेटचें दार मात्र पैसे मोजल्यावांचून उघडावयाचें नाहीं.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग ह्यांनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत लेख लिहिला. हवामान व बाजारभाव पाहून सुस्थितीस लागलेला महाराष्ट्रांतील एक शेतकरी त्यांत दाखविला होता. इंटरनेटशीं जोडलेल्या दर दहा माणसांमागें सुमारें एक दारिद्र्यांतून वर येतो, असें गणितही होतें. आमच्या शेतकऱ्याचें दारिद्र्य पाऊस, सावकार आणि बाजार ह्या तिघांच्या हातीं असतें. तें दहाच्या पाढ्यानें हटतें, हा शोध नवा होता.

त्याच महिन्यांत ‘ट्राय’ ह्या दूरसंचार नियामक संस्थेनें, निरनिराळ्या संकेतस्थळांस निरनिराळा दर असावा काय, ह्याविषयीं लोकांस चार प्रश्न विचारले. कंपनीनें आपल्या सभासदांपुढें तयार मजकूर ठेवला. कळ दाबली कीं पत्र रवाना! सुमारें २४ लाख पत्रें आलीं, आणि त्यांतील बहुसंख्य ह्याच सांच्यांतलीं होतीं. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मात्र त्यांत नव्हतीं. कोणाही परीक्षकास हा अनुभव ओळखीचा वाटेल: पुरवण्या पुष्कळ, उत्तर नाहीं.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें असे भेदभावाचे दर मना केले, व थोड्याच दिवसांत कंपनीनें आपलें दान हिंदुस्थानांतून आवरतें घेतलें. कोठेंही जाण्याची मोकळीक देणारें थोडेंसें इंटरनेट गरिबास फुकट देण्यास ह्या नियमाची आडकाठी नव्हती. पण तसें दान चोपडींत कोणाच्या नांवें जमा करावयाचें?

गरज खोटी नव्हती. त्या वेळीं बहुसंख्य भारतीयांस इंटरनेट दुर्लभच होतें. परंतु दात्याच्या चोपडींत शेतकऱ्यासाठीं आंकडा होता. त्याच्या प्रश्नासाठीं रकाना नव्हता.