टॅबलेटला कीबोर्ड लावला की लॅपटॉप होतो का?

हे आजच्या भागाचं लिखित रूप. जसं बोललो साधारण तसंच ठेवलंय.

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. कीबोर्डवाला टॅबलेट घेतला तर लॅपटॉप आणि डेस्कटॉप, दोन्हीचं काम भागेल ना?" घरातून एकदाच रक्कम निघणार असते आणि ती वस्तू पुढे चार वर्षं रेटायची असते. दुकानदार 'हो' म्हणून मोकळा होतो. मी जरा मागे जाणार आहे. हा प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे आणि भल्याभल्यांनी त्यात हात पोळून घेतलेत.

सुरुवात अॅलन के या माणसापासून. १९६८ च्या सुमारास त्यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना बनवला: वहीएवढा आकार, वर पडदा, खाली कीबोर्ड. पुढे झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' या संशोधन केंद्रात असताना, १९७२ मध्ये, त्यांनी त्यावर एक निबंध लिहिला आणि त्या यंत्राला नाव दिलं डायनाबुक. वजन दोन किलोच्या आत, किंमत ५०० डॉलरच्या आसपास. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोली भरून उरणारी कपाटं, हे लक्षात घ्या.

त्या निबंधात एक प्रसंग रंगवलाय. दोन लहान मुलं गवतावर लोळत आपापल्या डायनाबुकवर अवकाशयानांचा गेम खेळताहेत. खेळता खेळता त्यांना वाटतं, या गेममध्ये सूर्य असता तर यानं त्याच्याकडे ओढली गेली असती की! मग ती शोधाशोध करतात, गुरुत्वाकर्षण समजून घेतात आणि गेमचा प्रोग्रॅमच बदलतात. के यांच्या डोक्यात टॅबलेट होता तो हा. मुलाने त्यावर व्हिडिओ बघावेत एवढ्यासाठी नव्हे, मुलाने ते यंत्र आपल्या मर्जीने वाकवावं यासाठी. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. डायनाबुक बनवण्याइतकं तंत्रज्ञान तेव्हा नव्हतंच. म्हणून १९७३ मध्ये पार्कमध्ये अल्टो नावाचं यंत्र तयार झालं तेव्हा के यांची मंडळी त्याला 'अंतरिम डायनाबुक' म्हणायची. म्हणजे खरं यंत्र येईपर्यंतची तात्पुरती सोय. माऊस, खिडक्या, चित्रांवर क्लिक करणं, हे सगळं अल्टोवर रुजलं आणि तिथून मॅकिंटॉश आणि विंडोजपर्यंत पोचलं. आपण विचारतोय की टॅबलेट डेस्कटॉपची जागा घेईल का, आणि इथे डेस्कटॉपच मुळात टॅबलेटच्या जागी बदली खेळाडू म्हणून उतरला होता!

मधली वर्षं पटकन संपवतो. १९८९ चं ग्रिडपॅड, १९९३ चं अॅपलचं न्यूटन. न्यूटनला हस्ताक्षर नीट वाचता येईना आणि त्याची एवढी टिंगल झाली की 'द सिम्पसन्स' कार्टूनमध्येही त्यावर विनोद आला. ठीक आहे, पुढे चला.

नोव्हेंबर २००१. लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स सांगतात की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी टॅबलेट असेल. पुढच्या वर्षी त्यासाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आली. कॉम्पॅकने टीसी१००० काढला. त्याचा पडदा कीबोर्डपासून सुटा करता यायचा, म्हणजे आपण आज ज्याला हायब्रिड म्हणतो तेच, २००२ साली. पण पाच वर्षं गेली आणि लोक साधेच लॅपटॉप घेत राहिले. घोडं अडलं सॉफ्टवेअरपाशी. विंडोजची सगळी बटणं, सगळे मेनू माऊसच्या बारीक टोकासाठी काढलेले. त्यावर पेन टेकवत बसायचं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं काम. कॉम्प्युटरला पाटीचा आकार दिला, पण आतला माल टेबलावरचाच राहिला.

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सनी हीच गोष्ट उलटी केली. ते रंगमंचावर सोफ्यात टेकून बसले आणि आयपॅड मांडीवर घेऊन वापरून दाखवला. कीबोर्ड नाही, पेन नाही, बोट पुरे. फोनचं सॉफ्टवेअर मोठ्या पडद्यावर आणलेलं. आयपॅड खपला, प्रचंड खपला. पण जॉब्स त्याला लॅपटॉपचा वारस म्हणत नव्हते, फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली वस्तू म्हणत होते.

आणि एप्रिल २०१० मध्ये, आयपॅड बाजारात आला त्याच महिन्यात, अॅपलने आपल्या स्टोअरमधून स्क्रॅचचे प्रकल्प चालवणारं एक ॲप काढून टाकलं. स्क्रॅच म्हणजे मुलांनी रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, तुमच्यापैकी काहींनी शाळेत वापरली असेल. दुसरा प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम आम्हाला चालणार नाही, हा तेव्हाचा नियम. त्या काळचं स्क्रॅच ज्या स्क्वीकमध्ये लिहिलं होतं, ते के यांच्याच स्मॉलटॉक भाषेचं पुढचं रूप. म्हणजे डायनाबुकसारखी पाटी शेवटी हातात आली आणि त्या गवतावरच्या मुलांचा खेळच तिने बाहेर ठेवला. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत बोचतो.

आपल्याकडे नेमकं उलट काही घडत होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट जाहीर केला. पहिला आकाश फारच दुबळा होता, पडदा बोटाने दाबावा लागायचा. पुढे हा प्रकल्प पवईला, आयआयटी मुंबईकडे आला. तिथे प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने सुधारलेल्या आकाशसाठी सी, पायथनसारख्या भाषांत प्रोग्रॅम लिहिता येतील अशी ॲप बनवली. हार्डवेअर स्वस्तातलं, पण कल्पना थेट १९७२ ची. आकाश टिकला नाही, त्याच्यावर विनोदही भरपूर झाले. पवईत झालेल्या या कामाची आठवण मात्र कुणी काढत नाही.

आता येतो खरा हायब्रिड. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस दाखवला: पाठीमागे टेकू, कव्हरलाच कीबोर्ड. ऑक्टोबरमध्ये विक्रीला आला तो सरफेस आरटी. दिसायला विंडोज, पण आत मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर, त्यामुळे लोकांची वर्षानुवर्षांची विंडोज सॉफ्टवेअर त्यावर चालायचीच नाहीत. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात ना, ते हे. जुलै २०१३ मध्ये या न खपलेल्या मालापायी मायक्रोसॉफ्टला ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला.

२० मे २०१४ ला कंपनी पुन्हा उभी राहिली. सरफेस प्रो ३: १२ इंची पडदा, वजन ८०० ग्रॅम, आत पूर्ण विंडोज, आणि घोषणा हीच की हा टॅबलेट तुमच्या लॅपटॉपची जागा घेईल. पॅनोस पनाय यांनी मंचावर चक्क तराजू आणून त्याला मॅकबुक एअरसमोर तोललं. पण ते ८०० ग्रॅम कीबोर्ड सोडून. कीबोर्डचे सुमारे १३० डॉलरही वेगळेच.

या यंत्राबद्दल माझं मत बरं आहे. त्यात लपवाछपवी नव्हती, लॅपटॉपवर चालतं ते सगळं चालायचं. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती: मांडीवर. लॅपटॉपचं वजन खाली कीबोर्डात असतं, म्हणून तो मांडीवर बसतो. हायब्रिडचं सगळं वजन वरच्या पडद्यात आणि मागे टेकूची धार. मायक्रोसॉफ्टने टेकू हव्या त्या कोनात थांबेल असा केला, कीबोर्डची एक पट्टी चुंबकाने पडद्याला चिकटवली, तरीही लोकलमध्ये बसून यावर लिहून बघा! टेबल मिळालं की तेच यंत्र शहाण्यासारखं वागतं.

म्हणून मला वाटतं आपण घाबरतो उलट्या बाजूने. डेस्कटॉपची जागा घेणं हायब्रिडला त्या मानाने सोपं. मोठा मॉनिटर, साधा कीबोर्ड, डोळ्यांच्या उंचीवर पडदा, हे जोडून घेतलं की बाकी काम आत कुठलं यंत्र आहे याची फारशी पर्वा करत नाही. प्रो ३ साठी तसा डॉकही होता. दोन गोष्टी मात्र डेस्कटॉपकडेच राहतात. एक, गरम न होता तासन् तास राबणं. दुसरी, दुरुस्ती. आयफिक्सिटने प्रो ३ ला दुरुस्तीसाठी १० पैकी १ गुण दिला होता. डेस्कटॉपची रॅम गल्लीतला माणूस दहा मिनिटांत बदलतो, आणि आपल्याकडे चार वर्षं वस्तू टिकवण्याचा तोच तर मार्ग आहे.

अॅपलचं काय झालं? २०१२ मध्ये टिम कुक म्हणाले होते की टोस्टर आणि फ्रिज जोडता येतील, पण वापरणाऱ्याला ते आवडणार नाही. २०१५ मध्ये त्यांनीच आयपॅड प्रोला कीबोर्ड आणि पेन्सिल दिली. २०२० मध्ये ट्रॅकपॅड आला, २०२१ मध्ये मॅकमधलीच एम१ चिप, २०२५ मध्ये मॅकसारख्या खिडक्या आणि मेनू. लॅपटॉपची जागा घ्यायची तर हळूहळू लॅपटॉपच व्हावं लागतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. प्रोग्रॅमिंगची दारंही किलकिली झाली. डिसेंबर २०२१ पासून स्विफ्ट प्लेग्राउंड्समध्ये आयपॅडवरच ॲप लिहून स्टोअरला पाठवता येतं. पण अॅपलचं स्वतःचं मुख्य साधन, एक्सकोड, अजूनही फक्त मॅकवर चालतं.

त्यामुळे एकच वस्तू घेणाऱ्यांना माझं उत्तर असं. आधी सॉफ्टवेअरची यादी करा, मग यंत्र बघा. वाचन, टिपणं, चित्रं, लेखन एवढं असेल तर कीबोर्डवाला टॅबलेट पुरतो, कधी कधी लॅपटॉपपेक्षा बरा. इंजिनीअरिंगला जाणार असाल, किंवा मराठी छपाईच्या कामात श्रीलिपीसारखी विंडोजवरची सॉफ्टवेअर लागणार असतील, तर पूर्ण विंडोज असलेला हायब्रिड किंवा सरळ साधा लॅपटॉप. आणि दुकानात किंमत विचाराल ती कीबोर्ड आणि पेनसकट विचारा, पाटीवर लिहिलेली नव्हे.

राहिला फोन. २०११ मध्ये मोटोरोलाने अॅट्रिक्स काढला, तो एका रिकाम्या लॅपटॉपच्या पाठीत खोचला की कॉम्प्युटर व्हायचा. २०१७ मध्ये सॅमसंगने डेक्स आणलं. तुमच्यातले बहुतेक जण हे ऐकताय ते फोनवरच, तेव्हा ती गोष्ट पुढच्या भागात सविस्तर. भेटू!