शेकडा एक, शेकडा पाऊण : पांडवलेण्यातली एक दुपार

आज आम्ही बचत गटाच्याच हिशेबावर बोलणार आहोत, पण हा हिशेब आपल्या वहीतला नाही. तो नाशिकच्या डोंगरात दगडावर कोरलेला आहे आणि सुमारे १९०० वर्षं जुना आहे. आम्ही बाराजणी गेल्या वर्षी गौरी-गणपती उरकल्यावर तो बघून आलो.

खरं सांगायचं तर आम्ही लेणी बघायला निघालोच नव्हतो. त्र्यंबकेश्वरचं दर्शन आणि वणीची सप्तशृंगी, एवढाच बेत होता. आष्टीहून पहाटे गाडी केली, नगर, संगमनेर, सिन्नर करत नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकचं दर्शन लवकर झालं आणि दुपार मोकळी राहिली. ज्यांच्या ओळखीनं मुक्काम केला होता, ते निवृत्त शिक्षक म्हणाले, "पांडवलेणं दाखवतो, चला. दुपारीच बरं असतं. लेण्यांची तोंडं उत्तरेकडं आहेत, ऊन आत येत नाही."

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीत आमचं भांडण चाललेलं होतं. आमचा गट २०१३ मध्ये सुरू झाला. बाराजणी, महिना शंभर रुपये. अकरा वर्षांत नुसती बचत दीड लाखाच्या वर गेली, व्याज धरून अडीच लाखाच्या आसपास. आता निम्म्या बायकांचं म्हणणं होतं की पैसे वाटून घ्यावेत आणि गट बंद करावा. कारणही खोटं नव्हतं. आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. गटातल्या पाचजणी सहा-सहा महिने फडावर असतात. बैठक होत नाही, बचत थांबते, हप्ते थकतात. मागं राहणाऱ्या म्हणतात, आम्हीच का सांभाळायचं? जाणाऱ्या म्हणतात, आमचे पैसे आम्हाला द्या, मुकादमाची उचल तरी कमी घ्यावी लागेल. अशा मनानं आम्ही तो डोंगर चढलो.

डोंगराच्या पायथ्याला दादासाहेब फाळके यांचं स्मारक आणि बुद्धविहार आहे. तिथून पायऱ्या. गुडघेदुखीवाल्या दोघी थांबत थांबत आल्या. गुरुजींनी सगळ्यात आधी आमचा एक गैरसमज दूर केला. लोक पांडवलेणं म्हणतात, पण पांडवांचा इथं काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी फिरायचं नसे, एका जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी हे विहार कोरले. एकूण २४ लेणी. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. भिंतींवर जे लिहिलं आहे ते ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी म्हणा. ही लिपी वाचायची कशी हेच मधली कित्येक शतकं कुणाला माहीत नव्हतं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली आणि पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथले लेख वाचले.

गुरुजी आम्हाला तिसऱ्या लेण्यापाशी घेऊन गेले. दर्शनी बाजूला सहा धिप्पाड माणसं कोरली आहेत, सगळं लेणं खांद्यावर तोलून धरल्यासारखी. हे लेणं दिलं एका बाईनं. गौतमी बलश्री तिचं नाव. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. नातू पुळुमावी गादीवर असताना, त्याच्या १९ व्या वर्षी, तिनं हे लेणं भिक्खूंना दिलं आणि आपल्या लेकाचं कर्तृत्व भिंतीवर लांबलचक कोरून घेतलं. लेकाबद्दल बोलताना आई हात आखडता घेत नाही, हे तेव्हाही तसंच होतं! राजा आईच्या नावानं ओळखला जायचा, गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र. आपल्या सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम केला, तेव्हा आपल्याला केवढं नवल वाटलं होतं.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा. तो गुरुजींनी सोपा करून सांगितला आणि आमच्या बायका एकदम गप्प झाल्या. राजा आणि राजमाता दोघांच्या नावानं गोवर्धनच्या अधिकाऱ्याला हुकूम आहे. गोवर्धन म्हणजे तेव्हाचं इथलं मुख्य ठाणं. हुकूम असा की, भिक्खूंना आधी जे शेत दिलं होतं ते कुणी कसत नाही आणि ते गाव वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची आमच्या मालकीची शंभर निवर्तनं जमीन त्यांना द्या. निवर्तन हे जमिनीचं तेव्हाचं माप. शेत पडीक आणि गाव ओस, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्यातबी गावं मोकळी व्हायची." का ओस पडलं ते लेखात नाही. पण नुसतं कागदावर दान देऊन भागत नाही, ते पोचतं का बघावं लागतं, हे त्या राजमातेला ठाऊक होतं.

मग दहावं लेणं. इथं मात्र आम्ही तासभर बसलो.

हे लेणं उषवदात नावाच्या माणसाचं. क्षत्रप राजा नहपानाचा तो जावई. बायकोचं नाव दक्षमित्रा, तिनंही भिक्खूंना राहायला खोल्या दिल्या, तसं खोलीच्या दारावर कोरलेलं आहे. हे क्षत्रप आणि सातवाहन एकमेकांचे वैरी. गौतमीपुत्रानं नहपानाला हरवलं. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. असो, लढाया आपल्या कामाच्या नाहीत. आपल्या कामाचा आहे तो उषवदाताचा हिशेब.

त्यानं तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कार्षापण म्हणजे चांदीचं नाणं. अशी पस्तीस नाणी म्हणजे सोन्याचं एक. ठेव कुणाकडं ठेवली? विणकरांच्या श्रेणीकडं. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दोन हजार एका श्रेणीकडं, महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या व्याजातून भिक्खूंना कापडासाठी पैसे, दुसऱ्या व्याजातून किरकोळ खर्च. आणि अट अशी की मुद्दल कधीच परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत, न संपणारं मुद्दल.

गुरुजी पुढं बोलणार तेवढ्यात आमची सचिव थांबा म्हणाली. ती सातवी शिकलेली आहे, पण हिशेबात बँकेच्या साहेबाला ऐकत नाही. म्हणाली, "दोन हजाराला शेकडा एक, महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. भिक्खू किती होते?" गुरुजी हसले. लेखातच लिहिलं आहे, वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. जमा आणि खर्च तंतोतंत जुळला. व्याज महिन्याचं होतं हे अभ्यासकही याच हिशेबावरून सांगतात, असं गुरुजी म्हणाले तेव्हा आमच्या सचिवबाईंची मान बघण्यासारखी होती. एक हजाराचं पाऊण टक्क्यानं काय ते तिनं तोंडीच सांगितलं : महिना साडेसात, वर्षाचे नव्वद.

आणखी ऐका. हा व्यवहार नगराच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि दप्तरात फळ्यावर नोंदवला, असंही लेखात म्हटलं आहे. आपण बैठकीत जमाखर्च मोठ्यानं वाचतो तो का वाचतो, असं नव्या बायका नेहमी विचारतात. आम्हाला प्रशिक्षणात पंचसूत्री शिकवली, बँकांशी गट जोडायचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं हेही सांगितलं. पण चारचौघांत हिशेब वाचायची रीत एवढी जुनी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

फरकही आहे, तो लपवत नाही. आपला गट आपल्याच पैशातून आपल्याच बायकांना कर्ज देतो, शेकडा दोननं. तिथं श्रीमंत माणसानं ठेव दिली आणि विणकरांनी ती धंद्यात वापरून व्याज भरलं. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला ते वीस कार्षापण उभे केले त्या विणकरांपैकी एकाचंही नाव भिंतीवर नाही. त्यांच्या घरात सूत कातणाऱ्या बायका असणारच, असं आम्हाला वाटतं. त्यांचीही नावं नाहीत. उषवदाताचं मात्र भिंतभर आहे.

याच दहाव्या लेण्याच्या अंगणात एक लेख नंतरचा आहे, तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. तो आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. विष्णुदत्ता नावाची उपासिका, शक घराण्यातली. तिनंही अक्षयनीवी ठेवली, आणि ती कशासाठी तर आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. तिनं सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवला नाही. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची श्रेणी, तेल गाळणाऱ्यांची श्रेणी, अशा गोवर्धनमधल्या निरनिराळ्या श्रेणींकडं वाटून ठेवला. एक बुडाली तरी दुसरी आहे, असा विचार तिनं केला असेल का? लेखात तसं लिहिलेलं नाही, पण घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला पैसे एका डब्यात ठेवू नयेत हे कळतं.

तिची ओळख मात्र अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई अशी दिली आहे. आपल्या पासबुकावर असतं तशीच.

पुढची लेणी भरभर झाली, उन्हं उतरायला लागली होती. अठरावं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं सभागृह. ते भट्टपालिका नावाच्या बाईनं पूर्ण करून दिलं आणि दारावरची कमान धंभिक नावाच्या एका अख्ख्या गावानं मिळून दिली. गावाची वर्गणीच म्हणायची. विसाव्या लेण्यात आत बुद्धाची मोठी मूर्ती आहे. हे लेणं बोपकी नावाच्या यतीनं सुरू केलं होतं, ते बरीच वर्षं अर्धवट पडून राहिलं. मग महासेनापती भवगोप याची बायको वासू हिनं ते पुरं केलं, यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी. 'बरीच वर्षं अर्धवट' हे शब्दसुद्धा तिनं लिहून ठेवले. एवढा मोकळेपणा आपल्या सरकारी फलकांवर कधी दिसत नाही.

उतरताना पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाल्ले. भांडण पुन्हा निघालं, पण आवाज खाली आला होता. वाटप मागणाऱ्यांत ज्या सगळ्यात पुढं होत्या त्या काकू म्हणाल्या, "त्या बाईनं मुद्दल ठिवलं, कारण तिला घरी खायला होतं. माझ्या पोरीचं लग्न आहे. मला मुद्दलच पाहिजे." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, आणि आम्हीही दिलं नाही. विष्णुदत्तेचा नवरा मोठा अधिकारी असावा, आपला नवरा कोयत्यावर. ते खरंच आहे.

गावी आल्यावर दसऱ्याच्या आधी बैठक घेतली, टोळ्या निघायच्या आत. तिघींनी आपला वाटा घेतला, त्या काकू त्यांत होत्या. पूर्ण हिशेब करून, व्याजासकट, सगळ्यांसमोर पैसे मोजून दिले. नऊजणी राहिल्या. फडावर जाणाऱ्यांनी बचत फोनवरून पाठवायची, आणि ज्या महिन्यात जमणार नाही तिथं दंड लावायचा नाही, असं ठरावात लिहिलं. शिवाय दर महिन्याला वीस रुपये वेगळे काढायचे. त्याला कुणी विष्णुदत्ता निधी म्हणालं, पण नाव लांब होतं म्हणून वहीत नुसतं 'औषधपाणी' लिहिलंय. हे पैसे फक्त व्याजानं फिरवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही.

पहिली उचल फेब्रुवारीत झाली. फडावर एकीच्या पायाला कोयता लागला, तेव्हा. तोवर व्याज फारसं साठलं नव्हतं, म्हणून मुद्दलातले चारशे रुपये पाठवले आणि सचिवबाईंनी ते लाल पेनानं लिहिले. अजून भरून यायचे आहेत.